डाव्या भिंतीवरचा आवाज

लोकांचं काय, तोंडाला येईल ते बोलतात. शुक्रवार पेठेत भाजी आणायला गेलं तरी कोणीतरी अडवतंच, "काय ओ दाक्षायणीअक्का, त्या साउंडवाल्यानंच थिएटर पेटवलं म्हणे?" दुसरं कोणी त्याला देवमाणूस म्हणतं. दोघांनाही मी एकच सांगते, तुम्ही तिथं नव्हता, मी होते. माझा नवरा आत पहिल्या रांगेत होता. ऐकायचं असेल तर माझ्याकडनं ऐका, नाहीतर मला भाजी घेऊ द्या.

बिभीषण सांगोल्याकडचा. बाप धुळा मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणारा. पोरगं मात्र आयटीआय शिकलं, सोलापुरात आलं आणि अक्कलकोट रोडच्या आमच्या थिएटरात साउंडचं काम बघायला लागलं. मी तिथं कॅन्टीन चालवते. चहा, वडे, समोसे, पोरांना पॉपकॉर्न. त्यामुळं त्याला मी रोज बघायची, आणि खरं सांगते, इतका भित्रा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. विजेच्या वायरीला हात लावायच्या आधी टेस्टर लावणार, मग तो टेस्टरच बिघडला असेल तर म्हणून दुसरा लावणार. साहेबांचा फोन आला की खुर्चीतनं उठून उभा राहून बोलणार. मी म्हणायची, "अरे, त्यांना फोनमधनं दिसतंय होय तू बसलायस ते?" तर कसनुसं हसायचा. त्याची बायको सुकन्या एकदा डाळिंबं घेऊन आली होती, ती म्हणाली, "अक्का, घरीबी असंच हाय. गॅस बंद केला का म्हनून चारदा उठत्यात." लग्न झालेला बाप्या माणूस, काय म्हणायचं!

पूर्वी आमच्याकडं साधा अॅम्प्लिफायर होता. आवाज कमी पडला की ऑपरेटर बटण पिरगाळायचा, झालं काम. मालकाचा मुलगा दिग्विजय, म्हणजे बिभीषणचे साहेब, पुण्याहून शिकून आला आणि सगळं नवं आणलं. केबिनमध्ये लोखंडी कपाट आलं, त्यात लुकलुकणारे दिवे आणि निळ्या वायरींचे झुबके. हॉलमधला एकेक स्पीकर आता कॉम्प्युटरवर दिसायला लागला, प्रत्येकाला आपापला नंबर. बिभीषण बसल्या जागेवरनं हवा तो स्पीकर बोलता करायचा, बाकीचे गप्प. एक वायर तुटली तर आवाज दुसऱ्या वायरीनं फिरून जाईल अशीही सोय त्यानं करून ठेवली होती. "एकाच वायरीवर भरवसा ठेवला तर झोप यायची न्हाय, अक्का," म्हणायचा.

रोज सकाळी रिकाम्या हॉलमध्ये तो एक खरखर सोडायचा. त्यात ना गाणं, ना बोलणं. पत्र्यावर गारा पडाव्यात तसला आवाज. एकेका स्पीकरमधनं ती खरखर काढून मोजायचा, कोणता जास्त बोलतोय, कोणता कमी. माझे ग्लास रॅकमध्ये थडथडायचे. मी खालनं ओरडायची, "मुडद्या, बंद कर ते! कान किटले माझे!" तो आवाज बंद करायचा, खाली येऊन मुकाट चहा प्यायचा आणि पुन्हा वर जाऊन सुरू करायचा. भित्रा असला तरी कामात हट्टी होता.

आता ती धुराची घंटी. तीही त्याच कॉम्प्युटरला जोडलेली होती. हॉलमध्ये धूर झाला की पिक्चरचा आवाज आपोआप बंद, दिवे चालू आणि बाहेर पडा म्हणून बाईचा आवाज. कागदावर सगळं छान. पण आमचं सोलापूर म्हणजे काय पुणं आहे का? आमच्या पूर्वभागात विणकरांची तेलुगू घरं लई. त्यांच्या हिरोचा पिक्चर लागला की पहिल्या शोला सगळी गल्ली थिएटरात. हिरो पडद्यावर आला रे आला की पोरं पडद्यापुढं नारळ फोडणार, कागदाचे तुकडे उधळणार आणि कापराची आरती ओवाळणार. पोलीस सांगून दमले, मालक सांगून दमले. भक्तीच ती, ऐकतंय कोण?

मागच्या दोन्ही वेळेला त्या कापरानं घंटी वाजली. हिरो जीपमधनं उतरतोय, पोरं बेंबीच्या देठापासनं ओरडताहेत, आणि एकदम हॉल मुका! वरनं ती बाई थंडपणे सांगतेय, कृपया शांतपणे बाहेर पडा. अय्यो शिवा! खुर्च्या उचकटल्या, केबिनच्या काचेवर चपला बसल्या. दुसऱ्या वेळेला तर पोरं जिन्यावरनं वर चढली आणि बिभीषण माझ्या कॅन्टीनमध्ये पिठाच्या डब्याआड बसून राहिला. मी लाटणं घेऊन दारात उभी राहिले म्हणून वाचला.

मग यंदा पुन्हा तसला मोठा पिक्चर आला. सकाळचाच खास शो होता. शो सुरू व्हायच्या जरा आधी बिभीषण माझ्याकडं आला. तोंड उतरलेलं, चहाला हातसुद्धा लावला नाही.

"अक्का, साहेबांनी घंटीची टिक काढायला लावली."

"म्हणजे रे काय?"

"कॉम्प्युटरवर एक टिक असती. ती काढली की धूर झाला तरी पिक्चर बंद पडत न्हाय. घंटी निस्ती भाहेर पॅसेजात वाजती. आत कुनाला ऐकू जायाची न्हाय."

"आणि तू काढलीस?"

"साहेब शेजारीच उभं हुतं. शो संपला की लावतो म्हनलो."

आणि आत पहिल्या रांगेत आमचं म्हातारं बसलं होतं.

आमचं म्हातारं म्हणजे सिद्धाप्पा, माझा नवरा. सगळी हयात यंत्रमागावर गेली त्याची, आणि त्या खडखडाटानं दोन्ही कान खाल्ले. कानाशी तोंड नेऊन बोंबललं तरी त्याला ऐकू येत नाही. पण पिक्चरचं वेड काही गेलं नाही. भाषा कुठलीही असो, पहिल्या रांगेतच बसणार. पडद्याखाली मोठे स्पीकर आहेत ना, त्यांचा दणका छातीत बसतो त्याच्या. मला म्हणतो, "मी छातीनं ऐकतो गं." फुकट पास माझ्यामुळं मिळतो, ऐट मात्र त्याची.

"बिभीषण," मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता वर जा आणि ती टिक लाव. आमचा माणूस आत आहे."

"साहेब केबिनमदीच बसल्यात की, अक्का."

"बसू देत! तुला काय खातात का ते?"

"नोकरी जाईल. सुकन्या, पोरगी... कुटं जाऊ?" डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या. "मी नदर ठिवतो. डोळ्यात तेल घालून बघतो, काचंपासनं हलत न्हाय."

मला असा राग आला म्हणता! पण राग करून उपयोग काय, तो वर निघून गेला आणि शो सुरू झाला. मी कढई उतरवली, गॅस बंद केला आणि हॉलच्या मागच्या दारात जाऊन उभी राहिले. जीव थाऱ्यावर नव्हता. दोन्ही मागची दारं सताड उघडी आहेत ना, कडी लागलेली नाही ना, हे स्वतः हात लावून बघितलं. डोअरकीपर हसला मला. हस बाबा, म्हटलं.

हिरो आला. कानठळ्या बसल्या. सगळा हॉल उभा, शिट्ट्या, कागदांचा नुसता पाऊस. पडद्यापुढं कापूर पेटलेली ताटं गोल गोल फिरत होती आणि त्या गर्दीच्या फटीतनं मला आमच्या म्हाताऱ्याची पांढरी टोपी दिसत होती. तो तेवढा एकटा बसलेला. माझी नजर काही त्या टोपीवरनं हलेना.

मग एक ताट खाली पडलं. कोणाचा तरी धक्का लागला असेल. पोरांनी पाय मारून विझवल्यासारखं केलं आणि नाचत सुटली. पण पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातनं धूर यायला लागला. कापराचा पांढरा धूर मला माहीत आहे. हा काळा होता. कागदाचे ढीग पडद्याच्या मागं गेले होते, तिथं काहीतरी धरलं होतं. माझ्या मागं पॅसेजमध्ये घंटी वाजायला लागली, बारीक, एकसारखी. आत एकालाही पत्ता नाही.

मी जिन्यानं वर धावले. गुडघे दुखतात माझे, पण त्या दिवशी काही कळलं नाही. केबिनचं दार ढकललं तर बिभीषण उभाच होता, बोट काचेकडं. त्यालाही दिसलं होतं. दिग्विजय म्हणत होता, "कापूर आहे रे तो. एंट्री होऊ दे पुरी."

"कापूर न्हाय, साहेब," बिभीषण म्हणाला. आवाज फाटला होता त्याचा. आणि साहेबांना न विचारता त्यानं आवाज तोडला, दिवे लावले आणि माइकवर बोलला, "पडद्यामागं आग लागल्या. मागल्या दारानं भाहेर जावा."

कोणी हललं नाही! उलट जी बोंब उठली! पुन्हा तोच डाव करताय म्हणून शिव्या, तेलुगूत, मराठीत, आमच्या कानडीतसुद्धा. पाण्याच्या बाटल्या काचेवर येऊन आदळल्या. दोन वेळेला खोटी वाजलेली घंटी, तिसऱ्या वेळेला कोण खरी मानणार? दिग्विजयनं फायर ब्रिगेडला फोन लावला आणि फोन कानाला लावूनच खाली पळाला. त्याला मी दोष देत नाही. म्हणजे देतेच, पण ते असू दे.

बिभीषण खुर्चीत बसला. म्हणाला, "अक्का, ती खरखर सोडतो. पर एकदम न्हाय. एकदम सोडली तर मानसं एकमेकांवर पडत्याल."

कॉम्प्युटरवर हॉलचा नकाशा होता, भिंतीभोवती सगळे स्पीकर चौकोन चौकोन. त्यानं पडद्याजवळचे धरले आणि त्यांच्यातनं ती रोजची खरखर सोडली. आधी बारीक, मग वाढवत वाढवत. पुढची पोरं कानावर हात ठेवून मागं सरकली. मग त्यानं त्याच्या मागचे स्पीकर धरले. मग आणखी मागचे. दारांजवळचे मात्र गप्प ठेवले. जिथं कान फाटत नाहीत तिथं माणूस आपोआप जातो की! शिव्या देत, आम्हाला मुठी दाखवत, लोक मागं सरकत सरकत दारांतनं बाहेर पडायला लागले. मधूनच तो म्हणायचा, "पळू नका, पळू नका," पण ते स्वतःशीच. घाम गळ्यापासनं खाली वाहत होता. मी देवाचं नाव घेत काचेला डोकं लावून उभी होते.

तेवढ्यात पडद्याचा कोपरा भडकला. आता मात्र सगळ्यांना दिसलं, पण तोवर निम्मा हॉल बाहेर होता आणि उरलेले दारापाशी. कोणी पडलं नाही, कोणी चेंगरलं नाही. हॉल रिकामा झाला.

पांढरी टोपी तिथंच.

खरखर त्याला ऐकू येणारच नव्हती, छातीत बसली असेल तर पिक्चरचाच दणका वाटला असेल! पोरं पळाली तर पळाली, पहिल्या शोला ती पळतातच, त्याला त्याचं काय? चित्र चालू होतं आणि तो बघत होता. मी किंचाळले, "चित्र बंद कर!" बिभीषणनं बंद केलं. तरी म्हातारा बसूनच. चित्र अडकतं, पोरं शिट्ट्या मारतात, मग चालू होतं, हे जन्मभर बघितलेला माणूस तो. नाकाला रुमाल लावून वाट बघत बसला. उजव्या हाताला पडदा जळतोय आणि हा डावीकडं तोंड करून खोकतोय. मग धूर खाली बसला आणि टोपीही दिसेनाशी झाली.

मी निघाले. बिभीषणनं माझा दंड धरला. मला वाटलं अडवतोय, मी हात उगारला होता. पण तो म्हणाला, "जाताना डाव्या भितीला धरून जावा. येतानाबी तीच भित. धुरात कायबी दिसायचं न्हाय. मी भितीवरच्या स्पीकरातनं बोलतो. आवाज पडद्याकडनं दाराकडं पळंल, परत परत. ज्या अंगाला पळंल त्या अंगाला या."

"आणि तू?"

"मी हितं हाय की."

हॉलमध्ये शिरले ती तोंडाला पदर बांधून. दिवे होते पण काय उपयोग, धुराच्या भिंतीत तोंड घातल्यासारखं सगळं. डावा हात भिंतीवर घासत पुढं गेले. आणि भिंत बोलायला लागली. लांब पुढं, पडद्याजवळ, बिभीषणचा आवाज, "हिकडं." मग त्याच्या अलीकडच्या स्पीकरमधनं, "हिकडं." मग माझ्या डोक्यावर, मग माझ्या मागं, मग दारापाशी. पुन्हा पडद्याजवळनं सुरू. मी आवाजाच्या उलट्या अंगानं चालत राहिले. अंगाला चटके बसायला लागले तेव्हा कळलं, पहिली रांग आली.

खुर्च्या चाचपत गेले. हाताला धोतर लागलं. मी हिसका दिला तर मला म्हणतो, "याके?" का म्हणून विचारतोय, कानडीत, अशा वेळेला! "कूत्को गं, सुरू होईल." बस म्हणे! इतकी वर्षं संसार केला, पण त्या दिवशी जितक्या शिव्या दिल्या तितक्या कधी दिल्या नाहीत, आणि त्याला त्यातली एक ऐकू आली नाही. मनगट धरलं आणि ओढत निघाले.

भिंत सापडेना. हात पुढं करावा तर खुर्च्याच. कुठं वळले, किती वळले, काही समजेना. श्वास आत जाईना. वाटलं, संपलं. आता दोघंही इथंच. इतकं भ्याले मी, की म्हाताऱ्याचं मनगट सोडून पळावं असंही क्षणभर मनात आलं. येतं माणसाच्या मनात, खोटं कशाला बोलू?

मग आवाज आला. "हिकडं." मधले एकदोन स्पीकर मुके झाले होते, धगीनं गेले असतील, पण पुढचा बोलत होता. "हिकडं, अक्का." पुढचा. "हिकडं." मी कानाला तो आवाज धरून ठेवला आणि तो पळेल तिकडं सरकत राहिले. म्हातारा मागं खोकतोय, मी आवाजाच्या मागं. आवाज दारापाशी पोचायचा, पुन्हा मागं जाऊन पहिल्यापासनं यायचा, पुन्हा मला ओलांडून पुढं जायचा. एकदाही चुकला नाही. पायाला पायरी लागली, उजेड दिसला, आणि कोणीतरी आम्हाला दोघांना धरून बाहेर ओढलं.

बाहेर आवारात सगळी गर्दी. मघाशी शिव्या देणारी पोरं म्हाताऱ्याला पाणी पाजत होती. तो डोळे चोळत विचारत होता, हिरोचं पुढं काय झालं? मी जमिनीवर बसकण मारली आणि रडले. भीतीचं रडू ते, बाहेर आल्यावर आलं.

आणि मग मला ऐकू आलं. उघड्या दारातनं, धुरातनं, आत, "हिकडं... हिकडं... हिकडं, अक्का..."

त्याला कुठं दिसत होतं आम्ही बाहेर आलो ते? काचेपुढं नुसता धूर. कोणी सांगितल्याशिवाय तो उठणार नव्हता. फोन लावला तर उचलेना, त्याचा फोन खाली माझ्याच टेबलावर राहिला होता. धूर वर चढतो, आणि केबिन सगळ्यात वर. मी ओरडले, "अरे, त्याला कोणीतरी सांगा रे!" पण आवाज सगळा आत होता, बाहेरचं आत जायला काही सोय नव्हती.

मागच्या बाजूला केबिनला जाणारा लोखंडी जिना आहे. कोणाची वाट बघितली नाही, चढले. पायरीपायरीला त्याचा आवाज ऐकत होते. खोकला वाढला होता, मधेच तुटायचा, मग पुन्हा "हिकडं". एकदा तुटला तो लवकर आलाच नाही. मग आला. दार ढकललं तर धुराचा लोट अंगावर. बिभीषण टेबलाखाली गुडघ्यावर बसलेला, एक हात वर माउसवर, दुसऱ्या हातात माइक, तोंडाला ओला रुमाल, डोळे मिटलेले.

मी त्याचा खांदा धरून हलवला. "आलो रे बाबा. आम्ही दोघं बाहेर आलो."

त्यानं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं, आणि बघत बघतच माइकमध्ये आणखी एकदा म्हणाला, "हिकडं." इतका भ्यालेला, की डोळ्यांपुढं उभी असलेली मी त्याला खरी वाटेना. मी माइक हिसकावून घेतला. तेव्हा कुठं तोंडावरचा रुमाल खाली घसरला आणि तो बोलला.

"टिक मीच काढल्याली, अक्का."

काय वाटलं म्हणून सांगू? त्याच्या थोबाडीत द्यावी असंही वाटलं आणि पाय धरावेत असंही वाटलं. दोन्ही खरं होतं, आजही आहे. पण तेवढा वेळ नव्हता.

"माहीत आहे मला," म्हटलं. "खाली चल आधी."